पिल्लाचे पहिले शंभर दिवस

अशी कल्पना करा की एकाच कुत्रीची, एकाच वेताची दोन पिल्ले आहेत. रंग सारखा, बांधा सारखा. त्यांतले एक पिल्लू दोन महिन्यांचे झाल्यावर शेजारच्या घरी गेले. त्या घरात आजी-आजोबा होते, शाळकरी मुले होती. दारावर दूधवाला, पोस्टमन, भाजीवाली यांची सारखी ये-जा असे. दुसरे पिल्लू गावाबाहेर एका गोदामाच्या आवारात राहिले. त्याला कोणी मारले नाही, उपाशीही ठेवले नाही. रोज सकाळी एक माणूस कुंपणावरून भाकरी आत टाकी आणि निघून जाई. हे पिल्लू पाच महिन्यांचे झाले तेव्हा एका कुटुंबाने ते मोठ्या हौसेने घरी आणले.

पहिले पिल्लू आता आल्यागेल्याच्या पायांत घुटमळते. दुसरे मात्र पलंगाखालून बाहेरच येत नाही. खाणे पुढे केले तर माणूस खोलीबाहेर गेल्यावरच खाते. छत्री उघडली की थरथरते. मुलांनी हात लावायला पाहिले की गुरगुरते, आणि एक दिवस ते धाकट्याच्या हाताला चावले. मग घरात बोलणी सुरू झाली. कोणी म्हणाले, “जातच वाईट.” कोणी म्हणाले, “रक्तातच खोट आहे.” पण रक्त तर दोघांचे एकच! मग फरक कशामुळे पडला?

हा फरक पिल्लाच्या आयुष्यातील पहिल्या शंभर दिवसांत पडतो. गंमत अशी, की यांतील निम्म्याहून अधिक दिवस पिल्लू नव्या घरी जाण्यापूर्वीच संपलेले असतात. म्हणून हे दिवस कसे जातात आणि ते कोणाच्या हाती असतात, हे आपण नीट पाहू या.

आंधळे आणि बहिरे पंधरा दिवस

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे नऊ आठवड्यांचा असतो. गाईचे वासरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभे राहून आईला लुचू लागते. कुत्र्याच्या पिल्लाचे तसे नाही. त्याचे डोळे मिटलेले असतात, कानांच्या नळ्या बंद असतात, तोंडात दात नसतात. पायांना अंग पेलवत नाही, म्हणून ते पोटावर सरपटते. मग या पिल्लाला जगाची खबर लागते कशी? मुख्यतः नाकाने आणि कातडीने. सरपटताना ते डोके डावीकडे-उजवीकडे हलवीत असते. ऊब लागली, आईचा वास आला की तिकडे वळते आणि आचळ शोधून काढते.

थंडी वाजली की आपण कुडकुडतो. कुडकुडणे म्हणजे स्नायूंची भराभर होणारी हालचाल. तिच्यातून उष्णता निर्माण होते. नवजात पिल्लाला हेही जमत नाही. म्हणून पिल्ले एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. आईचे पोट आणि भावंडांची अंगे हीच त्यांची गोधडी. लघवी आणि शौचही ती आपणहून करू शकत नाहीत. आई पोटाखालचा भाग चाटते तेव्हा प्रतिक्षिप्त क्रियेने ते घडते.

या दिवसांत सांभाळणाऱ्याचे काम साधे, पण महत्त्वाचे असते. कोरडी, उबदार, वाऱ्याच्या झोतापासून दूर असलेली जागा द्यावी, आईला पोटभर खाणेपिणे द्यावे आणि रोज पिल्लांचे वजन करावे. स्वयंपाकघरातला तराजू यासाठी चालतो. निरोगी पिल्लाचे वजन आठ-दहा दिवसांत जन्मावेळच्या साधारण दुप्पट होते. ज्याचे वजन दोन दिवस वाढत नाही, त्याला भावंडे आचळापासून दूर ढकलीत आहेत किंवा ते आजारी आहे असे समजावे.

आई मेलेल्या पिल्लांना पुष्कळ लोक गाईचे दूध पाणी घालून पाजतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण हिशेब चुकतो. कुत्रीच्या दुधात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात आणि दुग्धशर्करा त्याहून कमी असते. म्हणजे गाईचे दूध पिल्लाला आधीच पातळ. त्यात आणखी पाणी घातले की पोट भरते, पण पोषण होत नाही. जास्त दुग्धशर्करेने जुलाबही लागतात. अशा पिल्लांसाठी बाजारात मिळणारी खास दूधभुकटी वापरावी व पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा.

दारे उघडतात

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात. अठराव्या-विसाव्या दिवसापर्यंत कानांच्या नळ्या मोकळ्या होतात. जवळ भांडे पडले तर पिल्लू प्रथमच दचकते. याच आठवड्यात ते लटपटत उभे राहते, चालते आणि पडते. दुधाचे दात हिरड्यांतून डोकावू लागतात. शेपटी हलू लागते. झोपण्याच्या जागेपासून दोन पावले दूर जाऊन लघवी करण्याची ओढही याच वेळी दिसू लागते. पुढे आपण पिल्लाला ‘घरात घाण करू नकोस’ म्हणून शिकवतो, त्याचा पाया असा निसर्गानेच घातलेला असतो.

एका आठवड्यापूर्वी ज्याला अंधार आणि शांतता यांपलीकडे काही ठाऊक नव्हते, त्या पिल्लापुढे आता सगळे जग उभे राहते. या जगात आपले कोण आणि परके कोण, हे पिल्लू आता ठरवू लागते. त्यासाठी मराठीत एक सुरेख शब्द आहे: ‘माणसाळणे’. पिल्लू माणसाळते ते याच वेळी.

कुंपणाआडचा प्रयोग

माणसाळण्याला ठरावीक वेळ असते हे शास्त्रज्ञांनी कसे ओळखले? अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर नावाच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे निरनिराळ्या जातींच्या शेकडो पिल्लांचा जन्मापासून अभ्यास केला आणि १९६५ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच ठिकाणच्या कामातून फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी केलेला एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला.

त्यांनी कॉकर स्पॅनियल आणि बीगल या जातींची पिल्ले त्यांच्या आयांसह उंच कुंपण असलेल्या शेतात वाढवली. अन्नपाणी अशा बेताने दिले जाई, की पिल्लांचा माणसांशी संबंध येऊ नये. मग काही पिल्लांना दोन आठवड्यांची असताना, काहींना तीन, काहींना पाच, काहींना सात आणि काहींना नऊ आठवड्यांची असताना कुंपणाबाहेर आणले. प्रत्येक पिल्लाबरोबर माणसाने फक्त एक आठवडा रोज ठरावीक वेळ घालवला आणि नंतर त्याला शेतात परत सोडले. काही पिल्ले मात्र चौदा आठवड्यांची होईपर्यंत बाहेर आणलीच नाहीत.

काय दिसले पाहा. तीन आठवड्यांची पिल्ले शांत बसलेल्या माणसाकडे सरळ चालत आली. पाच आठवड्यांची थोडी बिचकली, पण लवकरच जवळ आली. सात आणि नऊ आठवड्यांच्या पिल्लांना धीर व्हायला काही दिवस लागले. चौदा आठवड्यांची पिल्ले मात्र आठवडाभरात माणसाजवळ आलीच नाहीत. ती रानटी जनावरांसारखी वागत होती. त्यांतल्या एकाला पुढे तीन महिने हाताने भरवले, गोंजारले. तरी फरक थोडाच पडला.

एका बाजूला पाचव्या-सातव्या आठवड्यातील एकच आठवडा. दुसऱ्या बाजूला चौदाव्या आठवड्यानंतरचे तीन महिने. आणि पारडे त्या एका आठवड्याचेच जड! प्राण्यांवरील असे प्रयोग आज करावेत की नाहीत, याबद्दल शास्त्रज्ञ पूर्वीपेक्षा अधिक काटेकोर झाले आहेत. पण त्या पिल्लांनी शिकवलेला धडा विसरण्यासारखा नाही.

खिडकी बंद का होते?

पिल्लाच्या मनात दोन ओढी असतात असे समजा. एक कुतूहलाची: नवे दिसले की जवळ जा, हुंगा, चाटा. दुसरी भीतीची: नवे दिसले की मागे सरा. तिसऱ्या आठवड्यात कुतूहल भरपूर असते आणि भीती जवळजवळ नसते. पाचव्या आठवड्यापासून भीती हळूहळू वाढू लागते. बारा ते चौदा आठवड्यांच्या सुमारास ती कुतूहलावर मात करते. याआधी जे जे भेटले ते ‘ओळखीचे’, यानंतर जे पहिल्यांदा भेटेल ते ‘धोक्याचे’, असा कौल पिल्लाचे मन देते. जातीजातींत आणि पिल्लापिल्लांत एक-दोन आठवड्यांचा फरक पडतो. खिडकी एका दिवसात धाडकन बंद होत नाही, पण बंद होत जाते हे खरे.

यात निसर्गाचा शहाणपणा आहे. लांडग्याचे पिल्लू लहान असताना गुहेच्या आसपासच असते. तेथे भेटणारे बहुधा आपलेच असतात. मोठे होऊन दूर भटकू लागल्यावर भेटणारा अनोळखी प्राणी जिवावर उठू शकतो. तेव्हा आधी विश्वास आणि मग सावधपणा, हा क्रम त्याच्या फायद्याचा असतो. कुत्र्याने तो आपल्या पूर्वजांकडून घेतला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘माणसावर विश्वास ठेव’ असे पिल्लाच्या मनात जन्मतःच लिहिलेले नसते. खिडकी उघडी असताना समोर जो असेल तो आपला, एवढेच त्याला कळते. चार्ल्स डार्विन याने १८३० नंतरच्या दशकात दक्षिण अमेरिकेतील आजच्या उरुग्वे देशात मेंढ्यांचे राखणदार कुत्रे पाहिले. ते कसे तयार करतात हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. पिल्लाला फार लहानपणीच आईपासून वेगळे करून मेंढीच्या अंगावर पाजत, मेंढ्यांच्या वाड्यात लोकरीचे अंथरूण करून देत आणि दुसऱ्या कुत्र्यांत किंवा घरातल्या मुलांत मिसळू देत नसत. असा कुत्रा मोठेपणी मेंढ्यांनाच आपला कळप मानून त्यांचे रक्षण करी. आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावर जा. तेथेही कुत्र्यांची पिल्ले मेंढरांच्या आणि माणसांच्या सहवासात लहानाची मोठी होतात. मेंढरू हे खाण्याची वस्तू नसून घरचे आहे, हे त्यांना कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

अंधांच्या वाटाड्यांनी दिलेला पुरावा

प्रयोगशाळेतले ज्ञान व्यवहारात उतरले ते अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या शाळांत. असा कुत्रा भर रस्त्यात माणसाला सांभाळून नेतो. खड्डा किंवा भरधाव मोटार दिसली तर मालकाने ‘चल’ म्हटले तरी जागचा हलत नाही. एवढी जबाबदारी बुजऱ्या कुत्र्याला पेलणार नाही, हे उघड आहे.

कॅलिफोर्नियातील सॅन राफाएल येथे अशी एक शाळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लॅरेन्स फाफेनबर्गर हे तेथे काम करू लागले. चांगल्या वंशाची पिल्लेही मोठेपणी शिक्षणात नापास का होतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पिल्ले शाळेच्या श्वानगृहात जन्मत, बाराव्या आठवड्यापर्यंत त्यांच्या चाचण्या होत आणि नंतर ती सांभाळण्यासाठी कुटुंबांकडे पाठवली जात. काही लगेच जात. काही घर मिळेपर्यंत श्वानगृहातच थांबत. फाफेनबर्गर आणि स्कॉट यांनी नोंदी तपासल्या तेव्हा चकित करणारी गोष्ट दिसली. चाचण्यांनंतर आठवडाभरात घरी गेलेल्या पिल्लांपैकी सुमारे ९० टक्के पुढे वाटाडे झाली. तीन आठवड्यांहून अधिक काळ श्वानगृहात राहिलेल्यांपैकी सुमारे ३० टक्केच झाली. अन्न तेच, वंश तोच, शिक्षकही तेच. फरक होता तो नाजूक काळात वाया गेलेल्या काही आठवड्यांचा. त्यांचा हा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला.

ही पिल्ले सांभाळणाऱ्यांत तुमच्या वयाची मुलेमुली पुष्कळ होती आणि आजही असतात. ग्रामीण मुलांच्या मंडळांतील विद्यार्थी एक पिल्लू घरी आणतात, वर्षभर त्याला बाजार, बस, जिना, पाऊस, गर्दी यांची ओळख करून देतात आणि मग ते शाळेला परत करतात. परत देताना डोळ्यांत पाणी येते. पण आपण वाढवलेल्या जिवामुळे एखादा अंध माणूस एकटा रस्ता ओलांडू शकेल, हे त्यांना ठाऊक असते.

भावंडांची शाळा

मग पिल्लू जितके लवकर घरी आणावे तितके चांगले, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. पिल्लाला माणसाप्रमाणे कुत्र्यांचीही ओळख व्हावी लागते, आणि ती ओळख आई व भावंडे करून देतात. खेळताना एकाने दुसऱ्याचा कान जोरात चावला की दुसरे केकाटते आणि खेळ थांबवते. चार वेळा असे झाले की पहिल्याला कळते, की इतक्या जोराने चावले तर खेळ बंद. दातांचा जोर आवरणे हा कुत्र्याच्या आयुष्यातला फार मोठा धडा आहे. आईही अंगचटीला येणाऱ्या पिल्लाला गुरगुरून दूर ठेवते. मनासारखे झाले नाही तरी शांत राहावे, हे त्यातून ते शिकते.

इटलीतील संशोधकांनी २०११ साली एक तुलना प्रसिद्ध केली. तीस ते चाळीस दिवसांचे असताना आईपासून तोडलेल्या आणि दोन महिन्यांनी घरी नेलेल्या कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी प्रश्न विचारले. लवकर तोडलेल्या कुत्र्यांत फिरायला गेल्यावर घाबरणे, विनाकारण भुंकणे, वस्तूंची नासधूस करणे अशा तक्रारी जास्त आढळल्या. आपल्या देशात केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. त्यामागचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल.

पण आठव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ठेवायचे म्हणजे खिडकीचा अर्धा काळ पहिल्या घरीच जाणार. तेव्हा पिल्लाला माणसाळवण्याची पहिली जबाबदारी, ज्याच्या घरी कुत्री व्याली त्याची! त्याने काय करावे?

तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पिल्लाला रोज काही मिनिटे वेगळे हातात घ्यावे. पंजे, कान, तोंड यांना हळुवार स्पर्श करावा. म्हणजे पुढे पशुवैद्य तपासू लागले तर ते घाबरत नाही. फरशी, माती, गवत, गोणपाट अशा निरनिराळ्या जमिनींवर चालू द्यावे. कुकरची शिट्टी, मिक्सर, रेडिओ यांचे आवाज आधी दुरून, मग जवळून ऐकू द्यावेत. ढोल-ताशा आणि फटाके यांची ओळख मात्र एकदम नको. दूरचा, बारीक आवाज आणि सोबत आवडीचा खाऊ, अशी सुरुवात करावी. चष्मेवाले, दाढीवाले, काठी टेकणारे, टोपी घातलेले, लहान, म्हातारे अशी नाना तऱ्हेची माणसे त्याला भेटावीत. पिल्लू मागे सरले तर ओढू नये. त्याला आपल्या पायांनी पुढे येऊ द्यावे. घाबरवून दिलेली ओळख ही ओळखच नव्हे.

सहाव्या-सातव्या आठवड्यापासून पिल्लाला क्षण-दोन क्षण भावंडांपासून दूर, एकटे राहण्याचीही सवय लावावी. नव्या घरी पहिल्या रात्री ते जे रडते ते हट्टाने नव्हे. आयुष्यात प्रथमच त्याच्या अंगाला दुसरे अंग लागलेले नसते.

शौचाची सवयही याच सुमारास लागते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर पिल्लाला लघवी होते. त्या तीन वेळी त्याला नेमक्या एकाच जागी न्यावे आणि काम होताच तिथल्या तिथे शाबासकी व खाऊ द्यावा. ‘तिथल्या तिथे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पिल्लू बक्षिसाचा संबंध नुकत्याच केलेल्या कृतीशी जोडते. म्हणूनच घरात घाण सापडल्यावर त्याचे नाक त्यात घासणे निरर्थक आहे. अर्ध्या तासापूर्वीचा गुन्हा त्याच्या ध्यानात नसतो. माणूस अचानक अंगावर येतो, एवढेच ते शिकते.

एक पेच आणि त्यावरचा उपाय

येथे एक खरोखरीचा पेच उभा राहतो. गाईच्या चिकाचा खरवस तुम्ही खाल्ला असेल. कुत्रीच्याही पहिल्या दुधात असा चीक असतो. पहिल्या दिवसात पिल्लाने तो प्यायला की आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिने, त्याच्या रक्तात येतात. पुढे ती घटत जातात. ती भरपूर असतात तोवर लसही निष्प्रभ ठरवतात, आणि कोणत्या पिल्लात ती कधी संपतील हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत लस पुन्हा पुन्हा देतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात.

आता गणित मांडा. लसीकरण पुरे होते सोळाव्या आठवड्यात आणि माणसाळण्याची खिडकी बंद होत येते बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात. लसीसाठी पिल्लू कोंडून ठेवावे तर ते बुजरे होणार. बाहेर सोडावे तर रोगाची भीती. १९७८ साली जगभर पसरू लागलेल्या पार्व्हो या रोगाचा विषाणू तर मातीत कित्येक महिने टिकतो.

अमेरिकेतील प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली यावर स्पष्ट मत दिले. पहिली लस आणि जंताचे औषध दिल्यानंतर पिल्लाला सुरक्षित ठिकाणी जगाची ओळख करून द्यावी. सर्व लसी होईपर्यंत थांबू नये. तीन वर्षांखालील कुत्र्यांच्या मृत्यूचे पहिले कारण संसर्गजन्य रोग नसून वर्तनातील बिघाड हे आहे, असेही त्यांनी बजावले. तेथे चावऱ्या, भित्र्या कुत्र्यांना घरातून काढतात आणि पुष्कळांना अखेर मरण दिले जाते.

उपाय सोपा आहे. पिल्लाला कडेवर घेऊन बाजार दाखवा. ओळखीच्या, लस दिलेल्या कुत्र्याच्या घरी न्या. पण जेथे अनोळखी कुत्री फिरतात तेथल्या जमिनीवर ते सोडू नका. म्हणजे डोळे, कान, नाक जग पाहतात आणि पाय रोगापासून दूर राहतात.

रस्त्यावरचे पिल्लू

आपल्याकडे पुष्कळांच्या घरी पिल्लू येते ते रस्त्यावरून. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतील संशोधकांनी मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले. २०१६ साली त्यांनी लिहिले, की त्यांतली केवळ १९ टक्के प्रजननक्षम वयापर्यंत जगली. मृत्यूंपैकी बरेचसे माणसांमुळे घडले होते. तेव्हा एखादे पिल्लू घरी आणण्याची तुमची इच्छा चांगलीच आहे. पण आई जवळपास असेल तर मिटल्या डोळ्यांचे किंवा लटपटणारे पिल्लू उचलून आणू नका. आईच्या दुधाला आणि भावंडांच्या शाळेला तुमच्या घरी पर्याय नाही. थोडे थांबा. त्या जागी आडोसा करा, आईला खाणे द्या, आणि पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की वडील माणसांच्या संमतीने घरी न्या.

वय कसे ओळखाल? डोळे मिटलेले असतील तर दोन आठवड्यांच्या आत. डोळे उघडे पण चाल लटपटती असेल तर दोन ते तीन आठवडे. पुढचे दात नुकतेच टोचू लागले असतील तर तीन ते चार आठवडे. दुधाचे सर्व २८ दात आले असतील आणि पिल्लू नीट धावत असेल तर साधारण आठ आठवडे. पुढचे दुधाचे दात पडून कायमचे येऊ लागले असतील तर ते चार महिन्यांच्या आसपास आले, म्हणजे खिडकी बहुतेक बंद झाली असे समजा.

गोदामातल्या पिल्लाचे काय?

मग त्या पाच महिन्यांच्या पिल्लाची आशा सोडायची का? मुळीच नाही. शिकणे कधीच पूर्ण थांबत नाही. फक्त जे दोन महिन्यांच्या पिल्लाने खेळता खेळता दोन दिवसांत शिकले असते, त्याला आता कित्येक महिने लागतील. त्याला पलंगाखालून ओढून काढू नये. रोज एकाच वेळी, एकाच माणसाने जवळ बसून, त्याच्याकडे टक लावून न पाहता खाऊ ठेवावा. ते आपणहून एक पाऊल पुढे आले की तो दिवस सार्थकी लागला असे मानावे. कदाचित ते गर्दीत कधीच रमणार नाही. पण घरातल्या चार माणसांचे होऊ शकेल. आणि ते चावले तो त्याचा दुष्टपणा नव्हता, ती भीती होती, हे घरातल्यांना कळले तरी अर्धे काम झाले.

हे करून पाहा

तुमच्या ओळखीच्या घरी कुत्री व्याली असेल तर घरच्यांची परवानगी घेऊन एक वही करा. दर आठवड्याला एकाच वारी नोंद करा: डोळे उघडले का, पिल्लू चालते का, आवाजाला दचकते का, झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन लघवी करते का, अनोळखी माणूस शांत बसला तर किती वेळात जवळ येते. आवाज मुद्दाम करू नका. घरात आपोआप होणारे आवाज पुरेत. प्रत्येक पिल्लाची नोंद वेगळी ठेवा. आठ आठवड्यांनी भावंडांची तुलना करा. सगळी सारखी निघतात का, हे तुमच्या शिक्षकांना दाखवून त्यांच्याशी चर्चा करा.

दोन नियम मात्र पाळायचेच. पिल्लांची आई जवळ असताना ओळखीच्या मोठ्या माणसाशिवाय पिल्लांना हात लावायचा नाही. आणि हात लावल्यावर साबणाने धुवायचे, कारण पिल्लांच्या पोटातले जंत मुलांनाही होऊ शकतात. कुत्रे किंवा पिल्लू चावले, दात किंवा नख लागून ओरखडा उठला, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, घरच्यांना सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. भीतीपोटी लपवू नका. रेबीजवर वेळेवर घेतलेली लस हाच उपाय आहे.

आठ आठवड्यांनी ती पिल्ले निरनिराळ्या घरी जातील. नव्या घरच्या माणसांना तुमच्या वहीची एक प्रत द्या. पिल्लाने कोणते आवाज ऐकले आहेत, कोणती माणसे पाहिली आहेत आणि अजून काय पाहायचे राहिले आहे, हे तिच्यात लिहिलेले असेल. शंभरांतले उरलेले चाळीस-पंचेचाळीस दिवस कसे वापरायचे, हे त्यांना त्यावरून समजेल.